भोपळ्याला पहिली सुरी

हुफूफ
१३ ऑक्टोबर २०१८, शनिवार

विनय,

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून हा कागद. हुसेनमियाँ उद्या खजुराची गाडी घेऊन मदिनेला आणि तिथून तुझ्या राबिघला निघालेत. साहेबांना काही द्यायचंय का, असं त्यांनी आपणहून विचारलं. मी म्हटलं, घारगे देते आणि बरोबर चार ओळी. त्यावर रईसा म्हणाली, मास्तरीणबाईंच्या चार ओळी म्हणजे गाडीत वेगळं पोतं ठेवावं लागेल. खालच्या मजल्यावर हे नवराबायको आहेत म्हणून तू गेल्यापासून माझं निभतंय. सिलिंडर ते आणतात, पाण्याचा टँकर ते बोलावतात, आणि माझा चेहरा पडलेला दिसला की रईसा माशाचं कालवण घेऊन वर येते. दापोलीकडच्या माणसांनी आपलं काय देणं लागावं? पण करतात. त्यांचे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही.

मुलं बरी आहेत. शर्विल पाचवीत गेल्यापासून मराठीत उत्तर देणं कमीपणाचं समजतो. विभा अजून देते, पण तिलाही वारं लागेलच. शाळेत मी दिवसभर हिंदी शिकवते आणि घरी येऊन मराठीची भीक मागते.

आता मुख्य बातमी. काल आम्ही मळ्यात जाऊन भोपळा तोडून आणला. शर्विलच्या वर्गातल्या कुणाचा तरी मामा दहरानच्या कंपाउंडमध्ये राहतो. तिथले अमेरिकन लोक या दिवसांत भोपळे कोरून त्यांना नाक-डोळे करतात, आत दिवा ठेवतात. त्याचे फोटो या पठ्ठ्याने पाहिले आणि महिनाभर घरात दुसरा विषय नाही. बाजारातला आणून देते म्हटलं तर नको. वेलीवरून स्वतः तोडलेलाच हवा. शेवटी हुसेनमियाँ म्हणाले, चला, मी ज्यांच्याकडून खजूर उचलतो त्यांच्याकडे भोपळेच भोपळे आहेत.

विनय, नऊ वर्षं आपण या गावात राहिलो आणि कधी मळ्यात गेलो नाही, याचं मला काल वाईट वाटलं. बाहेर अजून ऊन भाजतंय, पण खजुराच्या झाडांखाली गेलं की अंगावरून ओढणी सरकवावीशी वाटत नाही इतका गारवा. पाटातून पाणी वाहतंय, झाडांच्या बुंध्यांमधून वेल पसरलेत आणि पानं बाजूला केली की खाली हा एवढाला भोपळा. धुळ्याला आम्ही त्याला डांगर म्हणायचो. कसा निवडायचा ते मला ठाऊक होतं. बोटाच्या पेराने ठोकून बघायचा, देठ वाळलेला बघायचा, आणि तोडताना देठ चार बोटं ठेवायचा, नाहीतर तिथूनच सडायला लागतो. शर्विलने प्रत्येक भोपळा ठोकून पाहिला. विभाने एकावर घोड्यासारखी मांड ठोकली आणि हाच म्हणून बसली. अर्थातच तो सगळ्यात मोठा होता.

मळ्याच्या मालकीणबाई आमिना. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. माझं अरबी भाजी आणि भाडं यापलीकडे जात नाही, त्यामुळे रईसा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. त्यांनी आम्हाला खजूर घातलेली लाल रोटी दिली, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. वर मुलांच्या खिशांत खजूर कोंबले. भोपळ्याची टोपी तिथेच कापून घेतली, कारण साल दगडासारखी.

घरी आल्यावर शर्विलने पेनाने तोंड काढलं आणि रईसाच्या मासे साफ करायच्या छोट्या सुरीने मी आणि त्याने कोरलं. विभा म्हणाली, चष्मा हवा, मिशा हव्यात. मग झाला तो बाबाच. आत पणती लावली, पडदे ओढून घेतले आणि दिवे घालवून आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो. फोटो मी पाठवणार नाही. बघायचा असेल तर ये. तसा तो चार-पाच दिवसच टिकेल.

खरवडून निघालेल्या गराचे घारगे केलेत. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत कराडला आईंनी मला शेजारी बसवून शिकवले होते. गूळ आणि गर शिजताना त्यात पाणी घालायचं नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की तेव्हा राग यायचा. काल पीठ मळताना त्यांची आठवण आली आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. आठ दिवस टिकतील. खोलीतल्या इतरांनाही दे, चौथ्या खाटेवरचा माणूस म्हणून तरी ओळखतील तुला.

ऑगस्टपासून तू आला नाहीस. एवढंच लिहिते आणि थांबते.

हेमलता

*

२१ ऑक्टोबर २०१८, रविवार

विनय,

डबा धुऊन परत आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग गुरुवारी तुझा फोन आला, विभाने उचलला आणि तिने तुला सांगितलं की भोपळा अलीअंकलनी कापला. पुढे तू जे बोललास ते मुलं ऐकत होती, कारण फोन स्पीकरवर होता.

तू म्हणालास, "माझी खुर्ची त्याला दिली, आता घरातली सुरीही त्यालाच देऊन टाक." आणि मग म्हणालास की डिसेंबरात तिघांची एक्झिट टाकतो, कराडला जाऊन राहा. एक्झिट टाकणं तुझ्या हातात आहे. आम्ही तिघं तुझ्या इकाम्यावर, तुझ्या राहण्याच्या परवान्यावर. तू राबिघला खाटेवर बसून मोबाइलवर बोट दाबलंस की आमचा इथला मुक्काम खलास. म्हणून काय झालं ते मी एकदा सरळ लिहून काढते. मग तुला काय करायचं ते कर.

होय, मळा अलीच्या आईचा आहे. मला ते तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. गाडीतून उतरले तर समोर तोच उभा. ऑफिसात तुझ्याकडे दोन महिने शिकलेला, रोज तुझ्या डब्यातला घास खाल्लेला आणि मग तुझ्याच खुर्चीत बसवलेला अली. मला परत फिरावंसं वाटलं. पण शर्विल तोवर वेलीत शिरला होता. अलीने मान खाली घालून सलाम केला, सर कसे आहेत विचारलं, आणि लांब जाऊन उभा राहिला. पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण तू घारगे खाल्ले नसतेस.

आता सुरीचं. आमिनाबाईंनी सुरी माझ्या हातात दिली आणि माझा हात थांबला. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, तो घरातल्या थोरल्या मुलासारखा असतो, हे तुझ्याही घरात आणि माझ्याही. फरक एवढाच की कराडला आई तुझ्या बाबांची वाट बघायच्या. बाबा दुकानातून यायचे, हात धुवायचे, सुरी टेकवायचे, मग पुढचं. एकदा ते दोन दिवस परगावी होते तर भोपळा दोन दिवस ओट्याखाली पडून होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे धुळ्याला तशी चैन नव्हती. माझे वडील एसटीवर ड्रायव्हर. ते घरी सापडायचे कधी? आई दाराशी उभी राहायची आणि जो पुरुष जाईल त्याला हाक मारायची. शेजारचा, दूधवाला, एकदा तर टपाल टाकायला आलेला गुणाजी. त्याने बिचाऱ्याने खांद्यावरची थैली न उतरवता सुरी लावली आणि निघून गेला. कुणी त्याला घरचा कर्ता समजलं नाही. तोही समजला नाही.

हुसेनमियाँ तेव्हा नमाजाला गेले होते. शर्विलच्या हातात ती एवढी सुरी द्यायची माझी छाती झाली नाही. मी रईसाला म्हटलं, त्या मुलाला जरा टोपीपुरती सुरी लावायला सांग. रईसा आधी पोट धरून हसली. "गो, आमच्यात असं काय नाय, दे मी कापतंय." मी नको म्हटलं. मग अलीला बोलावलं. तो आला, बिस्मिल्ला म्हणाला, टोपी कापली, सुरी पुसून माझ्यासमोर ठेवली आणि पुन्हा लांब जाऊन उभा राहिला. बस. माझ्या आईच्या हिशेबाने तो टपालवाला. तुझ्या आईच्या हिशेबाने तो घरचा मालक झाला. तू आईचा मुलगा, म्हणून तुला लागलं. ते मला कळतं. पण कळतं म्हणून मी माफी मागणार नाही, कारण मी काही चोरलेलं नाही.

अलीबद्दल मला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. आमिनाबाईंनी चहा पिताना सांगितली आणि हात धरून शब्द घेतला, म्हणून लिहीत नाही. लिहिली असती तर तुझा राग कदाचित निवला असता. तरीही नाही.

शर्विल रात्री विचारत होता, "मम्मा, इज बाबा अँग्री विथ मी? पंपकिन तो मुझे चाहिए था।" त्याला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलेलं नाही. तू ठरव आणि त्याला फोन कर.

घारगे पुन्हा पाठवतेय. या वेळचे बाजारातल्या भोपळ्याचे आहेत, कापून विकतात तो. त्याला पहिली सुरी कुणी लावली ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे खायला हरकत नसावी.

हेमलता

*

१ नोव्हेंबर २०१८, गुरुवार

विनय,

तू डबा न उघडताच परत पाठवलास. हुसेनमियाँनी परतीच्या वाटेत खाल्ले असतील तर बरं, असं मी म्हटलं तर ते शपथेवर सांगायला लागले की त्यांनी फक्त चारच खाल्ले.

आज शाळेच्या ऑफिसात मला बोलावलं. मला वाटलं, वार्षिक कार्यक्रमाचं असेल. क्लार्कने हळूच विचारलं, मॅडम, शर्विल आणि विभाच्या वडिलांचा दाखल्यांसाठी ईमेल आलाय, डिसेंबरनंतर नावं काढायची का? मी उभी होते ती खुर्चीत बसले. तू रागात बोललास असं मी मानून चालले होते. तू खरंच करायला घेतलंस. मला न सांगता. मी त्याच शाळेत शिकवते, विनय, एवढं तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं. मी क्लार्कला म्हटलं, दोन आठवडे थांबा.

घरी येऊन भरपूर रडले. मुलांना कांद्याचं सांगितलं, पण कांदा कुठेच चिरलेला नव्हता. विभाने शोधला. मग रईसा वर आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझो घोव लाजलाय गो, बाकी काय नाय. लाजलेला माणूस घराकडे येत नाय, घरच उचलून लांब ठेवतो." मला एवढ्या दिवसांत जे सापडलं नव्हतं ते तिने मला पीठ चाळता चाळता दिलं.

लाजण्यासारखं काय झालं ते मला खरोखर समजत नाही. कंपनीत किती परदेशी, किती सौदी, त्यावरून सरकारच्या लेखी कंपनी हिरव्या पट्ट्यात की पिवळ्या, हा हिशेब तूच करत होतास. कर्मचारी विभागातल्या जागा इथल्या लोकांसाठी ठेवायच्या, हा नियम येणार हेही तूच सगळ्यांना आधी सांगितलंस. त्यांचा देश आहे, त्यांच्या मुलांना काम हवं, हे आपल्या हॉलमध्ये बसून तू मला समजावलंस, तेव्हा मीच शिव्या देत होते. अलीला तू मन लावून शिकवलंस. घरी येऊन म्हणायचास, पोरगं चांगलं आहे, विचारतं. मग तुझी खुर्ची गेली आणि तुला राबिघला हजेरी लिहायचं काम मिळालं. त्यात तू लहान कसा झालास? मुलांची फी त्या हजेरीवर जाते आहे. मी कुणाला सांगताना आवाज खाली करत नाही.

रागाच्या भरात मी विसरू नये म्हणून हेही लिहिते. मी इथे नवीन आले तेव्हा मला घराबाहेर पडायची भीती वाटायची. तू दर मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून मला बाजारात न्यायचास आणि बायका भाजी घेतात तिथे मला एकटीला सोडून बाहेर पिशव्या धरून उन्हात उभा राहायचास. मी चुकीचे आकडे बोलून दुप्पट पैसे देऊन यायचे. तू कधी हसला नाहीस. विभाच्या वेळी मला डॉक्टरांनी झोपवून ठेवलं तेव्हा तू स्वयंपाक शिकलास आणि तुझी आमटी पंधरा दिवस मी निमूट खाल्ली. शाळेत शिकवायला जा, म्हणून तू मागे लागलास. मी नाही म्हणत होते. आज मुलं मला 'मॅडम' म्हणून मार्केटमध्ये ओळखतात ते तुझ्यामुळे. विनय, मी तुझी फार ऋणी आहे. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नसतं, आणि आज तर मुळीच म्हणायची इच्छा नव्हती.

आता माझं मागणं. एक्झिट टाकायची असेल तर टाक. पण राबिघहून बोट दाबून नाही. इथे ये, मुलांना समोर बसवून सांग, बॅगा भर, आम्हाला दम्मामच्या विमानात बसव. तुला ते जमत असेल तर मी एक शब्द न बोलता कराडला जाईन आणि आईंपाशी राहीन. जमत नसेल तर शाळेला नाही म्हणून कळव.

आणि हो, आमिनाबाईंनी आणखी एक भोपळा पाठवलाय. अली आला होता, पण घरात पुरुषमाणूस नाही म्हणून वर आला नाही. खाली वॉचमन यासीनपाशी ठेवून गेला. अख्खा आहे. ओट्याखाली ठेवलाय. मी त्याला हात लावलेला नाही.

हेमलता

*

१० नोव्हेंबर २०१८, शनिवार

विनय,

तुझं विमान अजून जेद्द्याला उतरलंही नसेल आणि मी लिहायला बसले. सवय लागली. शिवाय दोन दिवस घर इतकं भरलेलं होतं की मला तुझ्याशी बोलायला जागाच मिळाली नाही. हुसेनमियाँ या खेपेला मला फोन न करता परस्पर तुला गाडीत घालून आणतात, पाडव्याच्या दुपारी दार वाजतं, आणि मी तेलाच्या हातांनी दार उघडते. तुझी दाढी किती वाढलीये, हे पहिलं मनात आलं. मग हात धुऊन ताट आणलं आणि तुला ओवाळलं.

तू बॅगा भरायला आला आहेस की राहायला, हे तू सांगत नव्हतास आणि मी विचारत नव्हते. मुलं तुझ्या दोन्ही बाजूंना चिकटून बसली होती. मग तू पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलास, ओट्याखाली वाकलास आणि विचारलंस, हा त्यांचाच का? मी हो म्हटलं. तू म्हणालास, उद्या परत देऊन येऊ. वाटलं, संपलं. हा माणूस हिशेब मिटवायला आलाय.

काल सकाळी विभाने शर्विलला ओवाळलं आणि आपण निघालो. रईसाला मी मुद्दाम बरोबर घेतलं. तू पुढे हुसेनमियाँजवळ भोपळा मांडीवर घेऊन बसला होतास. शुक्रवारच्या रिकाम्या रस्त्यावर मागून मला फक्त तुझा कान आणि भोपळ्याचा देठ दिसत होता. एरवी हसू आलं असतं. तू काय बोलणार ते तोंडातल्या तोंडात जुळवत होतास, तेही दिसत होतं.

पुढचं तू होतास म्हणून तुला ठाऊक आहे. पण मला कसं दिसलं ते लिहू दे. तू भोपळा खांद्यावर घेऊन पाटाच्या कडेने गेलास. अली गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून पाणी वळवत होता. तुला पाहिल्यावर त्याने फावडं टाकलं आणि ऑफिसात तू शिरल्यावर उभा राहायचा तसा सरळ उभा राहिला. तू इंग्रजीत म्हणालास, सुट्टीच्या दिवशीही मळ्यात राबतोस वाटतं. टोमणाच होता तो.

अली म्हणाला, "सर, मला आता रोजच सुट्टी आहे. त्यांनी मला काढलं. ती खुर्चीच काढली."

मला हे महिन्यापूर्वीच ठाऊक होतं. हीच ती गोष्ट. कंपनीला सौदींचा टक्का भरायला एक नाव हवं होतं. काम दम्मामच्या ऑफिसात हलवलं आणि टक्का तिकडच्यांवर भागला, मग अलीला घरी पाठवलं. त्याचं लग्न ठरलंय. मुलीकडच्यांना कळलं तर मोडेल, म्हणून आमिनाबाईंनी माझ्याकडून शब्द घेतला होता. मी तो पाळला. पण खरं कारण वेगळं होतं, विनय. तुला कळवलं असतं तर तू खूश झाला असतास, आणि खूश झालेला तू मला बघवला नसतास. मला तुझी तेवढी भीती वाटली.

ती भीती खोटी ठरली, यासाठी मी कुणाचे आभार मानू? मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तू खूश झाला नाहीस. तू भोपळा खाली ठेवलास, पाटाच्या काठावर बसलास आणि त्याला विचारलंस, "लागल्यापासून नव्वद दिवसांच्या आधी काढलं की नंतर?"

तो म्हणाला, नंतर. तू कपाळाला हात लावलास. मग जे सुरू झालं त्यातलं मला अर्धं समजलं नाही. नव्वद दिवसांनंतर काढलं तर नोटीस द्यावी लागते, तुला ती दिली का, सही कशावर घेतली, मी तुला हे दुसऱ्या आठवड्यात शिकवलं होतं ना, विसरलास कसा? तू त्याला चक्क झापत होतास आणि तो मान डोलावत होता. कामगार कार्यालयात रविवारी जा, अमुक सांग, तमुक मागून घे, ते नाही म्हणतील, तू उठू नकोस. ऑगस्टपासून मी तुझा हा आवाज ऐकला नव्हता. हे सगळं ज्या नोकरीने तुला शिकवलं ती गेली, पण शिकलेलं तुझ्यापाशीच राहिलंय, हे मला तिथे उन्हात उभं राहून कळलं. तुलाही कळलं असावं, कारण तू बोलता बोलता बूट काढून पाय पाण्यात सोडलेस.

आणि मग आमिनाबाई आल्या. त्यांना काय माहीत भोपळा परत द्यायला आणलाय? त्यांना वाटलं, पाहुणे आले, भोपळा आपल्या हाताने घेऊन आले, म्हणजे जेवून जाणार. त्यांनी फडक्यात गुंडाळलेला कोयता काढला, एक पाय मागे घेतला आणि आपण सगळे बघतोय तोवर एका घावात भोपळ्याचे दोन तुकडे केले. मी तोंडावर हात ठेवला. तू उठून उभा राहिलास. शर्विल म्हणाला, "ओह नो." आमिनाबाईंनी आपल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बिया उपसायला बसल्या.

तुझं हसू आधी खांद्यात दिसलं. मग तू इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. अलीला काहीच कळेना. रईसाने त्याला आणि त्याच्या आईला सगळी गोष्ट सांगितली, थोरल्या मुलापासून टपालवाल्यापर्यंत. आमिनाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मला पाच मुलगे, सगळे याच हातांनी वाढवले, भोपळ्याने काय वेगळं केलं असतं? त्या भोपळ्याची मांस घालून केलेली भाजी तुम्ही सगळ्यांनी दोन-दोनदा घेतलीत. मीही घेतली.

परतताना तू मागे माझ्याजवळ बसलास. मुलं झोपली तेव्हा म्हणालास, "शाळेला रविवारी कळव, नावं काढू नका. परीक्षा झाली की मार्चमध्ये तिकडे या. दोन खोल्या बघतो. छोट्या असतील."

मी फक्त बरं म्हटलं. आज विमानतळावरही मी फक्त डबा दिला आणि नीट जा म्हटलं. तू वाट बघत होतास की मी आणखी काही बोलेन. माझ्याने बोलवलं नाही, म्हणून इथे लिहिते. तू आलास याबद्दल मी तुझी आभारी आहे. एक्झिटचं एकदा तरी तुझ्या मनात आलं, ते मी इतक्यात विसरणार नाही. शाळेच्या ऑफिसातली ती खुर्ची मला अजून आठवते. खोल्या छोट्या असल्या तरी चालतील, विनय. मार्चमध्ये मी येते, दोन मुलं घेऊन, भांडी घेऊन, आणि उरलेला राग घेऊन. त्याला तिथे जागा कर.

हेमलता